उलट फेरीचा रकाना

अण्णा कुठलंही दार आधी ढकलत, मग ओढत, मगच आत शिरत. कॅन्टीनचं असो, नाहीतर साहेबांच्या केबिनचं. "किती खेळतंय ते बगतो," म्हणत. ते मूळचे निघोज्याचेच. गावच्या जमिनीवर कारखाने आले आणि अण्णा त्यांतल्या एकात मेंटेनन्स फिटर झाले. मी तिथे क्वालिटीत होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

एकदा ड्रिलिंग मशीनच्या फिरत्या टेबलाने आम्हाला छळलं. चकतीला गोलात बारा भोकं पाडायची. त्यातलं एखादं अधूनमधून केसभर सरकायचं. मी टेबल शून्यापासून तीनशे साठ अंशांपर्यंत फिरवून तपासलं. प्रत्येक थांबा अचूक. छापील तक्ता भरला आणि खाली लिहिलं: चूक ऑपरेटरची. ऑपरेटर वाघमारे, लातूरकडचा, कंत्राटी. "टेबल हलायलंय सर, मी कवाचं सांगायलोय," तो म्हणाला. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. 'शून्य दोष' अशा फलकाखाली बैठक झाली आणि सोमवारपासून वाघमारेला गेटच्या आत घ्यायचं नाही असं ठरलं.

शनिवारी अण्णा माझा तक्ता घेऊन आले.

"सायेब, समदं एकाच अंगानं मोजलंय. आता माघारी फिरवून त्याच जागी आणा."

"फॉर्ममध्ये तसं नाही, अण्णा."

"टेबलाला कुटं फॉर्म वाचता येतोय?"

टेबल नव्वद अंशांवर आणून डायल, म्हणजे केसभर फरकही दाखवणारं मोजमापाचं घड्याळ, टेकवून शून्यावर लावला; मग टेबल पुढे नेऊन उलट फिरवत पुन्हा नव्वदवर आणलं. डायलचा काटा शून्यावर आलाच नाही. बारापैकी चार भोकं टेबल मागे फिरताना पडत. वाघमारेला ते रोज दिसत होतं. मी विचारलंच नव्हतं.

"गिअर झिजलाय," मी लगेच निकाल दिला.

"दम धरा. काल माणसाला दोषी केलंत, आज दातांना."

टेबल फिरवतो तो वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा. अण्णांनी त्याच्या टोकाला डायल टेकवला. दिशा बदलली की दांडा आधी लांबीत सरकायचा, मग टेबल हलायचं. बेअरिंगमागचा नट ढिला झाला होता. दात शाबूत होते. अण्णांनी नट आवळला, दोन्ही अंगांनी मोजलं. काटा जागेवर.

"नवा रिपोर्ट लिहितो," मी म्हणालो.

"लिवा. पर आदी त्याच्याकडं जाऊन तोंडानं सांगा."

गेलो. चूक माझी होती, असं सांगितलं. वाघमारेने मान हलवली आणि एवढंच विचारलं, "मंग सोमवारी फर्स्ट शिफ्टलाच येऊ ना, सर?"

गेल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. शाल, नारळ आणि पाऊण तास गौरव; अण्णांचा आवाज कधी चढलाच नाही, असंही कोणी ठोकून दिलं. अण्णा खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी माइक हातात आला.

"हे एका अंगाचं झालं. वाघमारे, ऊठ. मी तुला किती येळा शिव्या घातल्या ते सांग."

वाघमारेने लाजत लाजत चार प्रसंग सांगितले.

"पाचवा राहिला," अण्णा म्हणाले.