द्राक्षासवाची साक्ष

त्या एकादशीला माझ्या थोरल्या भावाने टेंभी नाक्यावर टांगा एका कोळणीच्या अंगावर घातला. तिचा पाय मोडला. शिपायाने भावाला चौकीवर नेले.

दादा कचेरीत शिरस्तेदार होता. टांगा त्याचा स्वतःचा, आणि घोडा सांभाळणारा साईस शेजारी बसलेला असला तरी लगाम त्याच्या हाती देणे दादाला कमीपणाचे वाटे. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करीत होतो. त्यामुळे दिवस मावळायच्या आत त्या बाईच्या पायाला कामट्या बांधल्या त्या मी, आणि चौकीवर जामीन राहून दादाला घरी आणले तेही मी. बाहेर पडताना त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा मला वास आला. खाडीकडच्या गुत्त्यावर तो जातो हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे. वहिनी म्हणत, "त्यांचं पित्त उठलंय." आई तेच म्हणे. मी वैद्यक शिकलेला, पण मीही तेच म्हणे.

नशेत टांगा हाकल्याचा गुन्हा शाबीत झाला तर नोकरी जाणार होती. दुसऱ्या दिवशी वकील आमच्या ओटीवर येऊन बसले.

"शिपाई सांगणार, वास आला, झोकांड्या जात होत्या. सांगू दे. वास यायला नाक पुरतं, वासाचं कारण सांगायला शास्त्र लागतं. जाणत्याचं मत कोर्ट पुराव्यात घेतं, आणि जाणता तर तुमच्या घरातच बसलाय." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पोटासाठी यांना एखादं आसव चालू असेल ना?"

"नाही," मी म्हणालो.

"असेल हो. नीट आठवा." त्यांनी आमचेच पंचांग खुंटीवरून काढून पाहिले. "आणि त्या दिवशी एकादशी. म्हणजे पोट रिकामं. देवानेच सोय केली म्हणायची."

दादा झोपाळ्यावरून म्हणाला, "उपास कसला? मी भजी खाल्ली होती."

"शिरस्तेदारसाहेब, आता नाही खाल्लीत."

सगळे हसले. मीही हसलो. आत वहिनी ताक घुसळत होत्या, तो आवाज थांबला.

मी आगगाडीने कल्याणला गेलो आणि तिथल्या वैद्यांकडून द्राक्षासवाची बाटली आणली. बाटली भरलेली दिसून चालणार नव्हते. मी अर्धी मोरीत ओतली. मनुकांचा आंबूस गोड वास दोन दिवस मोरीतून गेला नाही. आई येता जाता पाणी टाकत राहिली.

कोर्टात मी ईश्वरास स्मरून खरे सांगेन असे म्हणालो. आसव आंबताना त्यात मद्य आपोआप तयार होते, त्याचा वास तोंडाला आला तर तो दारूहून वेगळा ओळखता येत नाही, आणि उपाशीपोटी पित्तप्रकृतीच्या माणसाला त्याने घेरी येऊ शकते. यातले प्रत्येक वाक्य पुस्तकात होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाटलीचे बूच काढून वास घेतला व मान डोलावली. मग वकिलांनी विचारले, "आरोपी हे औषध किती दिवस घेत आहेत?"

"सहा महिने," मी म्हणालो. "मीच दिलं."

एवढे एकच वाक्य पुस्तकात नव्हते. घोडा बुजला, असे साईसाने सांगितले. नशेचा मुद्दा गेला, बुजलेला घोडा तेवढा राहिला, आणि दादा सुटला.

व्हरांड्यात ती कोळीण भिंतीला टेकून बसली होती. पायाला माझ्याच कामट्या होत्या. मी जवळून जाताना तिने हाक मारली.

"डागदर, माजा पाय तू बांदलास, म्हनून हात जोडते. पन मी मासली इकते, नाक नाय इकला."

"चल गो, उठ," तिचा दादला म्हणाला, आणि त्याने तिला पाठीवर घेतले.

मला वाटले होते, दादा आता घाबरून सुधारेल. झाले ते उलटे. पूर्वी तो बाहेर पिऊन येई आणि घरात मान खाली घालून जेवे. आता कोर्टातली ती बाटली घरात आली, देवघराशेजारच्या कोनाड्यात बसली. आसव संपल्यावर त्याच बाटलीत गुत्त्यावरची दारू येऊ लागली. वहिनींनी एकदा ती लपवली, तेव्हा तो म्हणाला, "कोर्टाने मान्य केलेलं औषध आहे ते. आण इकडे."

वहिनी माझ्या खोलीच्या दारात आल्या. मी वाचत होतो. "भावोजी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

दादा त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. "सांग की रे. हे काय आहे ते सांग हिला. साहेबापुढे सांगितलंस तसंच सांग."

खरे बोललो असतो तर शेजाऱ्यांनी ऐकले असते, आणि कोर्टात मी काय केले ते उघडे पडले असते. मला माझ्या नोकरीची आठवण झाली. दादाची नाही. मी पुस्तकातून डोके वर न काढता म्हणालो, "औषध आहे, वहिनी."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी बाटली पुन्हा कोनाड्यात ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

तिसऱ्या वर्षी दादाच्या पोटात पाणी झाले. दोनदा मी ते काढले, तिसऱ्यांदा काढायची वेळ आली नाही. सुतकात भेटायला आलेले म्हणत, "पित्ताने गेला बिचारा." मी मान डोलावत असे. दादा मला पोहायला शिकवणारा माणूस होता, माझ्या शिक्षणासाठी वडिलांशी भांडलेला. त्याच्यासाठी मला मोकळेपणाने रडता आले नाही. रडू आले की मोरीतला तो गोड वास आठवे.

वहिनी आमच्याकडेच राहतात. माझ्याशी बोलतात, मला वाढतात. ताप आला तरी माझ्या हातचे औषध घेत नाहीत.

कोळीण नाक्यावर टोपली घेऊन बसते. तिचा डावा पाय दोन बोटे आखूड आहे.