उरलेलं कोणी खायचं?

सुरतेच्या दवाखान्यातली आहारवाली बाई दिसायला गोड होती, पण तिचा पहिलाच प्रश्न मला झोंबला. "रात का खाना कितने बजे?"

मी म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर.

"सब का कब होता है?"

याला काय उत्तर देणार? आमचं गाव तापीकाठी, घरची केळी आणि कापूस. शेतातल्या मोटारीची लाइट येईल-जाईल तशी माणसं घरी येतात. आधी सासरे जेवतात, मग दीर आणि नवरा, मग मुलं, मग सासूबाई आणि नवी धाकटी जाऊ. सगळ्यात शेवटी मी, घरची थोरली सून. खाता काय, असं तिने विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. जे उरेल ते.

ती हसली. म्हणाली, सगळ्या जाड बायका हेच सांगतात दीदी, आम्ही तर काही खातच नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काही खात नाही असं मी म्हटलंच नव्हतं. आमच्या घरात किती उरतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही वाटली नाही.

आमच्याकडे मोजून स्वयंपाक करणं कमीपणाचं समजतात. अवचित कोणी आलं तर? म्हणून चार भाकरी जास्त, वरणाचं पातेलं काठोकाठ. पाहुणा आला नाही की ते सगळं चुलीपाशी बसून माझ्याकडे बघतं. शेवभाजीच्या तळाचा तेलाचा थर, मुलांनी कुरतडून ठेवलेली कळण्याची भाकरी, करपलेला भात. वरण-बट्टी केली त्या दिवशी तर विचारूच नका. तुपात बुडवलेल्या बट्ट्या दुसऱ्या दिवशी कोण खाणार? अन्न फेकायचं नाही, ही सासूबाईंची सक्त ताकीद. आणि पाहुणे खरंच आले की माझ्या वाट्याला ठेचा आणि कोरभर भाकरी. एक दिवस उपाशी, एक दिवस तडस लागेपर्यंत. माझं पोट म्हणजे त्या घरातलं शेवटचं भांडं होतं, आणि तेच भांडं मोठं कसं झालं म्हणून सगळं गाव मला टोचत होतं.

पोट लहान करायच्या ऑपरेशनची हौस नव्हती मला. रक्तातली साखर कशालाच जुमानत नव्हती. माझ्या आईचा पाय याच साखरेमुळे गुडघ्यापासून कापावा लागला होता. मी तिला पुढची वर्षं खाटेवर बसून दाराकडे बघताना पाहिलं आहे. मला तसं बसायचं नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी समजावलं की पोट लहान करायचं तर आधी लिव्हरवरची चरबी उतरली पाहिजे, नाहीतर हत्यार आत जाणारच नाही. त्यासाठी संध्याकाळी सातला जेवायचं. खाली बसून, ताजं, थोडंसं, एकेक घास चावून. पोट भरलं की थांबायचं. शेवटचे पंधरा दिवस तर नुसतं पातळ.

ऐकायला किती सोपं! घरी येऊन पहिल्याच संध्याकाळी सातला मी वाटीभर मुगाचं वरण आणि अर्धी भाकरी घेऊन बसले. घास तोंडात गेला नाही तोच सासूबाई दारात.

"आदमी जेवाना बाकी शेतस आनि तू पह्यले ताट ली बठनी?"

"डॉक्टरनी सांगेल शे, आत्याबाई."

"डॉक्टरना घर थोडं शे हाई! लोके काय म्हनतीन?"

मी उठले. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो, पण उठले. मग रोज सातला गोठ्यात जाऊन, म्हशीच्या मागे उभ्याने, पदराआड वाटी धरून दोन घास ढकलायचे. चोरून खाणाऱ्याला चावून खाता येतं का? आणि रात्री उरलेलं होतंच. ते टाकलं असतं तर सकाळी त्याची चौकशी झाली असती.

पुढच्या तपासणीला वजन तिळभरही हललं नव्हतं. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली आणि स्पष्ट सांगितलं, पुढच्या वेळी असंच निघालं तर मी ऑपरेशन करणार नाही. परतीच्या गाडीत नवरा नंदुरबार येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून झोपला. घरी पोचल्यावर मात्र ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "हिन्हा तोंडवर ताबा नही, डॉक्टर तरी काय करी?"

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. या माणसाचं ताट मी रोज वाढत आले, आणि माझ्या ताटात काय असतं हे त्याने एकदाही वाकून बघितलं नव्हतं. तो मला ताबा शिकवत होता!

दुसऱ्या दिवशी सातला मी पाट मांडला तो थेट मधल्या घरात, जिथे पुरुष जेवतात तिथे. सासूबाई ओरडल्या. मी चावत होते. सासरे शेतातून आले, उंबऱ्यात थबकले आणि पाय न धुताच बाहेर गेले. मी चावत होते. शेजारणी दोन दिवस काही ना काही मागायच्या निमित्ताने बघून गेल्या. आईची ती खाट डोळ्यांपुढे होती, म्हणून बसू शकले. रात्रीच्या पातेल्याला मी हात लावणं सोडलं.

वजन उतरायला लागलं. आहारवाली बाई टाळ्या वाजवून म्हणाली, देखा, मन में ठान लिया तो हो गया! मला तिच्या टाळ्यांचाही राग आला. मनाचं काय घेऊन बसली होती? मला फक्त वेळेवर गरम भाकरी मिळाली होती.

शेवटचे पंधरा दिवस पातळावर काढले. ताक, डाळीचं पाणी, दवाखान्याने दिलेली बेचव पावडर. सकाळी भांडी घासायला काढली की पातेली रिकामी दिसायची. मला वाटलं, घर सुधारलं. माझ्या हट्टाने का होईना, आता बेताचं शिजतंय.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दुपारी धाकटी जाऊ ब्लाऊजची शिवण उसवत बसलेली दिसली. तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी चेष्टेने विचारलं, काय ग, गोड बातमी का?

"तसं काही नही, ताई," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही उरेल खाणं सोडं ना. आते ते मीच खाई लेस. आत्याबाई म्हनतस, अन्न फेकानं नही."

तिच्या हातातला ब्लाऊज लग्नातलाच होता.

त्या संध्याकाळी पुरुष लवकर जेवले, कारण सकाळी गाडी गाठायची होती. नवरा खाटेवर आडवा झाला. मी माझं ताक पिऊन भांडी आवरायला गेले, तर ती चुलीपुढे उकिडवी बसून शेवभाजीचं पातेलं निपटत होती. तिचं जेवण केव्हाच झालं होतं. घास गिळताना तिचे डोळे मिटत होते. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं, तशीच बाहेर आले आणि नवऱ्याच्या उशाशी ठेवलं.

"हाई उरेल शे. तुम्ही खाई ल्या."

तो उठून बसला. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओट्यावर सासरे खाकरायचे थांबले. या घरात पुरुषापुढे उरल्यासुरल्याचं पातेलं आजवर कोणी ठेवलं नव्हतं. सकाळी यानेच मला सुरतेला न्यायचं होतं आणि कागदावर सहीही यानेच करायची होती. नाही म्हणाला असता तर तीन महिन्यांचं सगळं पाण्यात. मला ते माहीत होतं.

"मन्हं पोट भरी गयं," तो म्हणाला.

"तिन्हं बी भरेल शे," मी म्हटलं.