आत्याचा जबडा

माझी आत्या कपडे शिवते आणि टाचण्या ओठांत धरते. त्यामुळे बोलते ती ओठांच्या कडेने, हसते ती नाकातून, आणि तोंडाने श्वास घ्यायचं तर नावच नको. टाचणी पोटात जाईल. गिऱ्हाइकांना वाटतं बाई तुसडी आहे. तुसडी कसली, तोंड बंद आहे एवढंच.

तिच्या गायनमंडळात यंदा पहिली ओळ एकटीने म्हणायचा मान तिला मिळाला आणि घोळ सुरू झाला. मंडळाच्या सरांचं म्हणणं, आवाज गोड आहे, पण दातांमागे कोंडलाय. शनिवारी पुन्हा ऐकतो. सुटला नाही तर ओळ मंडळातल्याच बेकरीवालीला. बेकरीवालीचं तोंड, आत्याच्या मते, मुळात मिटतच नाही.

सरांनी सांगितलं होतं: जबडा सैल, गाल वर, खांदे खाली, श्वास पोटात, डोळ्यांत हसू. आत्या दुकानातल्या आरशापुढे उभी राहिली. गाल वर गेले की खांदेही वर. जबडा सोडला की हसू पसार. पोट फुगवायच्या नादात ती श्वासच घ्यायला विसरली. पँट आखूड करायला आलेले एक काका तो अवतार बघून, नंतर येतो, म्हणत आल्या पावली परतले.

"अगं, एकेक कर ना," मी म्हटलं.

"एकेक कसं करू? चेहरा एकच आहे ना माझा?"

मग म्हणाली, तू साऱ्या जगाच्या नकला करतेस, मी कशी गाते ते दाखव. मी ओठ आवळले, हनुवटी दाबली, नाकातून गायले.

ती बघतच राहिली. "ही तर माझी आई. रागावलेली."

मग तिने सर करून दाखवायला सांगितले. तिच्याबरोबर मंडळात जाऊन सर मला पाठ झालेत, आणि त्यांना करायला मला भारी आवडतं. मी जबडा सोडला, गाल उचलले, श्वास खोल ओढून सूर लावला. आत्याने समोर बसून कित्ता गिरवावा तसं सगळं गिरवलं, आणि आवाज सुटला. काच थरथरली. आम्ही दोघीही दचकलो.

शनिवारी बेकरीवाली घसा साफ करून तयारच होती. आत्याने सरांचा चेहरा केला आणि ओळ मोकळी, भरून आली. मंडळ मात्र माना खाली घालून हसत होतं. कारण मी नक्कल अख्खी दिली होती: सूर लावताना सरांची डावी भुवई उडते, तीसुद्धा.

"भुवईचं मी कधी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"नव्हतं सांगितलं?" आत्याला खरंच ठाऊक नव्हतं.

भुवई सोडून गा, म्हणाले. गायली, तर आवाज परत दातांमागे. भुवईसकट गायली, तर मोकळा. सरांनी डोकं खाजवलं आणि ओळ तिच्याकडेच ठेवली.

जिना उतरताना आत्या म्हणाली, "सुटला कशाने गं? जबड्याने, की भुवईने?"

मला तरी कुठे कळलं होतं? वळून पाहिलं, तर वरच्या उघड्या दारातून दिसलं: रिकाम्या खोलीत सर भुवई बोटाने दाबून धरून गुणगुणत होते, आणि त्यांचा सूर काही केल्या लागत नव्हता.