पडवीकडे तोंड करून शिकवणारे मास्तर

आमच्या मास्तरांएवढा उलट्या खोपडीचा माणूस सबंध ठाण्यात दुसरा झाला नसेल. शाळेत आम्ही मिठागरातली पोरं बाहेर पडवीत आणि बाकीची आत, अशी तेव्हाची रीतच होती. पोरगी म्हणून मी एकटीच. मास्तर नवीन आले नि दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळा उचलून पडवीत आणला. आतली पोरं माना वाकड्या करून बघायची. एकाचा बाप तणतणत आला, "अहो मास्तर, आमच्या पोरांच्या माना मोडायच्यात का?" मास्तर म्हणाले, "मग पाठवा की बाहेर. इथं ऐसपैस जागा आहे."

आम्हाला भांड्याला शिवू देत नसत, पाणी वरून ओंजळीत ओतायचे, तर मास्तर पण आमच्या रांगेत ओंजळ धरून उभे. निम्मं पाणी कोपरावरून धोतरात. तशाच ओल्या धोतरानं उजळणी घ्यायचे. गणितं तर असली घालायचे की पाटीवर मांडताच येऊ नयेत. "मीठ साऱ्या गावाच्या चुलीपर्यंत जातं. मीठ ओढणारं माणूस उंबऱ्यावर अडतं. का? सोडवा!" मी लिहिलं, "मिठाचा बाप कोण ते कुणी विचारत नाही." मास्तर एवढे हसले की पगडी खाली पडली. मग बराच वेळ पगडी झटकत बसले.

परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटी साहेब यायचे, पण ते आतल्यांचीच परीक्षा घ्यायचे. परीक्षा नाही तर पुढचं पुस्तक नाही. मी दोन वर्षं पहिल्याच पुस्तकात. आय म्हणाली, "यंदा पण तिथंच राहिलीस तर गुमान मिठागरात ये." डिपोटी आले तसे मास्तर म्हणाले, "साहेब, आत फार उकडतं हो," नि त्यांची खुर्ची पडवीत मांडली. आतली पोरं बाहेर आली, घोळक्यात कोण कुठलं कळेना. मीपण धडा वाचला. पास झाले!

महिन्याभरात मास्तरांची बदली खाडीपल्याड झाली. नव्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी फळा आत नेला. दुसरं पुस्तक माझं निम्मंच झालं, मग डोक्यावर टोपली आली. आली तर आली, ओढलं मीठ.

मास्तर निघाले त्या दिवशी आम्ही खाडीवर गेलो. मास्तर नावेतून ओरडले, "रडताय काय, गाढवांनो? सतराचा पाढा म्हणा!" आम्ही चिखलात उभं राहून ओरडत होतो. चुकलं की ते लांबून छत्री हलवायचे. सतरा नव्वेला मी अडखळले. वर बघितलं, तर नाव वळणाआड गेली होती.