बहिणीच्या तोंडातला हेल

वेरूळच्या लेण्यात दुपारी आमच्यापुढे एक गोरे, म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. झिजलेली पायरी पाहून माझी धाकटी बहीण मंजू त्यांना इंग्रजीत म्हणाली, "जरा जपून." ते जागच्या जागी थिजले. मग वळले आणि मंजूच्या खांद्यावरून मागच्या अंधारात कुणाला तरी शोधू लागले.

मंजू पूर्वी फोनवर उत्तर इंग्लंडातल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. तिकडची एक एकटी म्हातारी काहीबाही निमित्त काढून सारखा फोन करायची. पुढे तिचे फोन थांबले, मंजूची नोकरीही सुटली, पण म्हातारीचा हेल मंजूच्या इंग्रजीला चिकटला तो चिकटलाच. बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपण आपल्यापुरतंच समजतो. गोऱ्यांचं इंग्रजी मात्र सगळं एकच धरून चालतो. आपल्या तोंडून कुठलं गाव बोलतंय, कोण बोलतंय, कुणाला ठाऊक!

"आमच्याकडे आता असं कुणी बोलत नाही," ते हळूच म्हणाले. "माझी आई शेवटची."

मंजूनं पाण्याची बाटली पुढे केली. "ऊन फार आहे. पाणी पिऊन घ्या." दगडी भिंतींवरून तेच शब्द परत आले. तो आवाज मला मंजूपेक्षा बराच म्हातारा वाटला.

त्यांनी टोपी काढली, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि मुकाट्यानं सगळं पाणी संपवलं. मग लहान पोर दाखवतं तशी ती उलटी करून मंजूच्या मागच्या त्या अंधाराला दाखवली.