माडीवरच्या उड्या

जुन्नरच्या एका जुन्या आळीत मी पाणी मागायला थांबलो. ओट्यावरच्या साठीच्या बाईंनी तांब्या देता देता विचारलं, "पावणं, वजन किती तुमचं?"

मी सवयीने दहा किलो कमी सांगितलं. त्या हिरमुसल्या. मग खरं सांगितलं, तसा चेहरा उजळला. "चला, वर माडीवर!"

आळीवर डोळा असलेल्या बिल्डरने पैसे चारून ही घरं धोकादायक ठरवून घेतली होती. आळीने भांडून फेरतपासणी मिळवली होती, ती नेमकी आज. तपासणीला आलेले नगरपालिकेचे नवे साहेब आणि बिल्डरचा माणूस खाली अंगणात उभे होते. माडी डगमगली, तर घरं पाडली जाणार होती.

बाईंनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी लाकडी खांबावर थाप मारली. "मारा उडी, राव! भिऊ नका, ह्यो हाय."

मी डोळे मिटून उडी मारली. पँट उसवली, पण माडी कुरकुरलीसुद्धा नाही. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तसा मला चेव आला आणि मी उड्या मारतच सुटलो.

बाई खिडकीतून ओरडल्या, "भाऊ, आता ह्यास्नी तुमच्या नव्या बिल्डिंगीत नेऊ. तिथं बी उड्या मारत्याल!"

"नको, नको!" बिल्डरचा माणूस घाईघाईत बोलून गेला. "तिथं नको!"

साहेब पोट धरून हसले आणि 'घरं मजबूत' असा शेरा मारून निघाले.

बाईंनी मला सुईदोरा दिला आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी खांबाला मारली होती तशीच.