घाटाची शेवटची पायरी

गल्लीतल्या मंडळींनो, सकाळी घडलं ते सांगावंसं वाटलं, म्हणून तालमीच्या फळ्यावर हा कागद लावतोय. शिक्षण बेताचं, चुका पोटात घाला.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या पावसाळ्यात माझी बायको घाटावरच्या शेवाळावरून घसरली आणि पाय मोडून बसली. तेव्हापासून तिची नदी बंद.

गेलं वर्षभर महापालिका आपल्या सांगलीचा घाट दुरुस्त करतेय. गाळ उपसला, उकिरडा हलवला, म्हशींना वेगळी वाट दिली. मी रोज बघून यायचो आणि घोर लागायचा, नव्या दगडावर म्हातारीचा पाय ठरेल का?

आज उठलो तर ती घरात नाही. कृष्णामाईच्या ओटीसाठी आणलेला खण-नारळही नाही. तसाच पळत सुटलो. ही शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलेली!

"अगं, पडशील! वर ये!"

"आवं, वरडू नका. जात्यावाणी टाकी लावल्या दगडाला, पाय सरकत न्हाई. या खाली."

चप्पल काढून उतरलो. खरंच, पाथरवटांनी पाण्यालगतच्या प्रत्येक दगडाला छिन्नीने खाचा पाडल्यात. आमच्यासारख्यांच्या पायांचा एवढा विचार कुणी करेल, असं वाटलं नव्हतं. मी तिचा हात घट्ट धरला.

"सोडा की, वटी भरू द्या," ती हसली. "भ्यालाय तर तुमीच!"

पुरानंतर पुन्हा गाळ साचेल, ही धास्ती मला आहेच. पण तुमच्या घरी कुणी भीतीपायी नदीवर जायचं सोडलं असेल, तर उद्या त्यांना घेऊन याल का?